फोटोपुरती जाळी

परवा सकाळी दाढी करत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या शिवारातला एक ओळखीचा शेतकरी. रामराम नाही, शरणु-शरणार्थी नाही, थेट कामाला हात.

"मास्तर, तुमची ती जाळी मोकळी हाय का? दोन दिवसापुरती पायजे व्हती. तळ्याचे फोटू काढायलेत."

"जाळी न्हाई आमच्याकडं," मी म्हणालो.

"आसं कसं मास्तर? समद्या शिवाराला ठाव हाय की!" आणि तो हसायला लागला.

मी फोन बंद केला. गालावरचा साबण वाळून गेला तरी आरशासमोर तसाच उभा. शेवटी बायको आतून ओरडली, आज काय मुहूर्त बघून दाढी करायलाव का म्हणून.

तुरीला शेंग भरली की माझं हे असंच होतं. आमचं गाव निंबर्ग्याच्या अलीकडं, कर्नाटकच्या हद्दीत, सगळं काळं रान. मार्गशीर्षात सकाळचा वारा सुटतो, वाळत आलेल्या शेंगा खुळखुळतात, हरभऱ्यातून चाललं की पायाला आंब लागते आणि पोटऱ्या चुरचुरतात. ह्या दिवसांत आमच्याकडचं रान बघावं असं पाहुणेरावळे म्हणतात, आणि त्यांचं खरंच आहे. पण मला ती खुळखुळ ऐकवत नाही. पुढं येळवस दिसायला लागते. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं, गावात कुत्रंसुद्धा उरत नाही. लहानपणी मी वर्षभर ह्या सणाची वाट बघायचो. आता कॅलेंडरचं ते पान बायकोलाच उलटावं लागतं.

ज्या वर्षी आमच्या गावात सरकारी योजनेतली शेततळी आली, त्याच वर्षीच्या येळवशीला माझा थोरला भाऊ, अण्णा, आमच्याच तळ्यात बुडून गेला. कागदावर लिहिलंय, की तो तळ्याची जाळी ओलांडून पाण्यात गेला. तसं झालेलं नाही. काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं मी ते तोंडातून काढलेलं नाही.

योजना वाईट होती असं मी म्हणणार नाही. कुणी म्हणालं तर त्याच्याशी भांडेन. पाऊस भाद्रपदात दगा देतो, तूर फुलोऱ्यात तडफडते, आणि एक पाणी मिळालं तर तीच तूर लगडते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. सरकारलाही कळलं, एवढंच. शेताच्या कोपऱ्यात तळं खणा, त्यात प्लास्टिक अंथरा, भोवती जाळी लावा, पंप बसवा, आणि प्रत्येक पायरीचा फोटो द्या, की अनुदान खात्यावर येईल. गावातल्या सगळ्यांचे अर्ज मीच भरले. मी मराठी शाळेतला मास्तर, कन्नड लिहितावाचता चांगलं येतं, आणि खरं सांगायचं तर लोक दारात येऊन बसतात ह्याची मला फार हौस. शाळेतून रिटायर झालेल्या माणसाला दुसरं काय असतं! अण्णाचा अर्ज सगळ्यात वर ठेवला होता.

तळं खणलं तेव्हा अण्णा लग्नघरातल्यासारखा नाचत होता. काळी माती संपून खाली पिवळा मुरूम लागला, मग प्लास्टिक आलं, काळं, चकचकीत, चार माणसांनी ओढून पसरलं. उन्हात ते इतकं तापायचं की त्यावरनं चालताना आम्ही पाय उचलून उचलून पळायचो. श्रावणात तळं भरलं. अण्णा काठावर उकिडवा बसून नुसता बघत राहायचा. "दत्तू, आपल्या आप्पानं बघाय पायजे व्हतं रे हे," म्हणायचा. आप्पा म्हणजे आमचे वडील, जन्मभर आभाळाकडं बघून मान अवघडलेला माणूस. त्या साली भाद्रपद कोरडा गेला आणि आमच्या तुरीनं ह्याच तळ्याचं पाणी पिऊन फूल धरलं. शेजारची तूर पिवळी पडली होती.

पण त्या पाण्याकडं बघून मला बरं वाटायचं नाही, हेही तेवढंच खरं. विहिरीला पायऱ्या असतात, दगडाला बोटं धरायला खाच असते. ह्या तळ्याला काहीच नव्हतं. चारी बाजूंनी नुसता उतार, आणि पाण्याखाली गेलेल्या प्लास्टिकवर शेवाळाचा बुळबुळीत थर. एकदा सकाळी जाऊन बघतो तर एक ससा पाण्यात गोल गोल पोहतोय. काठाला यायचा, पुढचे पाय टेकवायचा, घसरायचा, पुन्हा पोहायला लागायचा. किती वेळ चाललं असेल कुणाला माहीत. अण्णानं दोरीला टोपलं बांधून सोडलं, ससा त्यात चढला, वर आला आणि काठावरच मेला. त्याचं काळीज अण्णाच्या हातात थडथडत थांबलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक जाड सोल, म्हणजे दोरखंड, आणला, त्याला हात-हातभर अंतरावर गाठी मारल्या आणि पाण्यात सोडला. "कोण पडलं तर धराय तरी काय पायजे," म्हणाला. वरचं टोक जाळीच्या कोपऱ्यातल्या लोखंडी अँगलला बांधलं.

जाळीचं सांगायचं राहिलं. जाळीचे पैसे आधी आपण घालायचे, फोटो गेल्यावर मागून यायचे, असा नियम. गावात चौघांची तळी मंजूर झाली होती आणि चौघांच्याही हातात तुरीच्या राशीआधी दमडी नव्हती. तेव्हा मी एक शक्कल काढली. मीच काढली, दुसऱ्या कुणाचं नाव मी घेणार नाही. चौघांत मिळून एकच जाळी घ्यायची. अँगल नुसते खड्ड्यात ठोकायचे, सिमेंट घालायचं नाही. एका तळ्याचा फोटो झाला की उपटायची, ट्रॉलीत टाकायची, पुढच्या तळ्याला उभी करायची. राशी झाल्या की मग ज्याची त्यानं घ्यावी. ऐकून सगळे खूष. "मास्तर म्हंजे मास्तर!" म्हणाले. मलाही छाती फुगल्यासारखं झालं. फोटोत शेताचा नंबर येतो, माणसाचं तोंड येतं, तारीख येते. जाळी तीच का दुसरी हे फोटोत कुठं दिसतंय?

पहिला फोटो अण्णाचा झाला. पांढरी टोपी, नवं धोतर, मागं हिरव्या रंगाची जाळी, आणि हा अटेन्शनमध्ये उभा. बाकीच्यांची तळी अजून खणायची होती, म्हणून जाळी चांगली दोन-तीन महिने आमच्याकडंच राहिली. अण्णाला तिची सवय झाली. आमचं तळं बांधाला खेटून, मध्ये जेमतेम एका माणसाची वाट. त्या वाटेनं जाताना तो डावा हात जाळीवरनं घासत जायचा, टर्रर्र आवाज करत. कोपरा आला की हाताला कळायचं, वळायचा. म्हातारा होत चालला होता, नजरही मंदावली होती, पण चष्म्याचं नाव काढलं की वसकन अंगावर यायचा.

मार्गशीर्ष लागला आणि हाफिसातून निरोप आला, यादी बंद व्हायलीय, उरलेले फोटो लवकर द्या. जाळी फिरायला लागली. गावात चेष्टेचा विषय झाला नुसता. "जाळी आज कुणाकडं मुक्कामाला?" "माहेरी गेलीय, पंचमीला यील." हॉटेलात चहा पिताना लोक पोट धरून हसायचे आणि मी त्यांच्यात बसून हसायचो. शेवटचा नंबर शिवलिंगप्पाचा. शिवलिंगप्पा आमचा बांधशेजारी, कायक-दासोह, म्हणजे कष्ट आणि अन्नदान, मानणाऱ्या लिंगायत घरातला, गळ्यात लिंग, तोंडात गोड कन्नड आणि त्याहून गोड मराठी. आप्पाच्या काळापासून एका ताटात जेवलेली घरं.

जाळी काढायला मी ट्रॉली घेऊन गेलो तेव्हा अण्णा आडवा आला.

"दत्तू, येळवस आठ दिवसावर आलीय. पोरंबाळं येत्यात रानात. ऱ्हाऊ दे की."

"चार दिवसाचा परश्न हाय अण्णा. येळवशीच्या आदी परत आणून लावतो."

"आन् न्हाई आली तर?"

"कामून न्हाई येणार? शिवलिंगप्पाला न्हाई म्हणायचं व्हय आता? माणसात ऱ्हायचंय आपल्याला."

धाकटा शिकलेला, धाकट्याला कळतं, असं अण्णाचं आयुष्यभर चाललेलं. ह्याचा मला आज इतका संताप येतो! एकदा तरी कानफटात मारायची होती त्यानं. पण तो बाजूला झाला. मी कोपऱ्यातला अँगल हलवून हलवून उपटला, त्याला बांधलेला गाठीचा सोल सोडला, गुंडाळला आणि रानातल्या कोपीत, कडब्याच्या झोपडीत, नेऊन टाकला. खड्डे बुजवले नाहीत. चार दिवसांनी तिथंच अँगल ठोकायचे होते, बुजवायचे कशाला?

चार दिवसांत फोटो काढणारे शेती खात्याचे साहेब आले नाहीत. पाचव्या दिवशीही नाहीत. मीटिंग, दुसरा तालुका, गाडी नाही. जाळी शिवलिंगप्पाच्या तळ्याभोवती साहेबांची वाट बघत उभी राहिली आणि येळवस उजाडली.

त्या सकाळचं सगळं अजून नाकातोंडात आहे. डोक्यावर बिंदग्या घेतलेल्या बायका, बिंदगीत आंबट ताकाची अंबील. भज्जीचा वास, त्यात तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, चिंचेचा कोळ. बाजरीचे उंडे. कडब्याची कोप, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव. वहिनी, म्हणजे अण्णाची बायको, हळ्ळीखेडच्या मोठ्या घरातली, तिच्या हातची भज्जी खायला शिवारातले लोक वाट वाकडी करून यायचे. अण्णा पहाटेपासून रानात. वहिनीला घेऊन त्यानं बाभळीच्या काट्या तोडल्या आणि तळ्याच्या कोपीकडच्या बाजूला रचल्या, पोरं तिकडं जाऊ नयेत म्हणून. बांधाकडची बाजू तशीच उघडी राहिली. तिकडं पोरं जाणारच नव्हती.

तिकडनं फेरी जाते. जेवणाआधी घरातला कर्ता माणूस डोक्यावरनं घोंगड्याची खोळ घेतो, हातात अंबील, आणि बांधाबांधानं पिकावर शिंपडत सगळ्या शेताला वळसा घालतो. मागनं एकजण "ओलगे, ओलगे!" असं ओरडत चालतो. पुढच्यानं मागं वळून बघायचं नसतं. खोळीमुळं त्याला आपल्या पायापुढची हातभर जमीन तेवढी दिसते. आमच्यात पुढं अण्णा, मागं मी, आप्पा गेल्यापासून हेच.

अर्धी फेरी झाली आणि माझा फोन वाजला. शिवलिंगप्पा. "मास्तर, साहेब आल्यात, आत्ताच आल्यात! फोटूत नंबर चुकायलाय, जरा सांगा की ह्येनला." मी थांबलो. साहेबांना नंबर सांगायला लागलो. साहेबांना आमच्या येळवशीचं काय! त्यांची यादी संध्याकाळी बंद होणार होती. अण्णा पुढं गेला. माझं ओरडणं थांबलं हे त्याच्या लक्षात आलं असणार, पण वळून बघायचं नसतं. तुरीच्या आड तो दिसेनासा झाला. फोन संपवून मी झपाझप चालत कोपऱ्यावर आलो. बांधावर अंबील सांडलेली होती. पाण्यावर घोंगडं होतं.

सोल कोपीत होता. पळत जाऊन आणेपर्यंत, धरायला खाली अण्णाचा हातच नव्हता. शेवटी कोपीचा बांबू उपसला, तेव्हा पांडवांवर सगळा कडबा कोसळला. त्याला वर काढला तेव्हा लोकरीचं घोंगडं त्याच्या गळ्याशी गुंडाळलेलं, भिजून जड झालेलं. मी कोपऱ्यातला खड्डा बघितला. अँगल उपटलेला. त्याची कड ताजी ढासळली होती आणि ओल्या मातीत अनवाणी टाचेचा अर्धा ठसा होता. बघितला आणि मी त्यावर पाय दिला. का दिला? आजही मला सांगता येत नाही. पुसून टाकला एवढं खरं.

दुपारी पोलीस ठाण्यातले जमादार आले. साहेब शिवलिंगप्पाच्या शेतातून चालत आले, चेहरा पांढराफटक. त्यांनी फोन काढला आणि फोटो दाखवला. अण्णा, पांढरी टोपी, मागं जाळी. "मास्तर, रेकॉर्डला जाळी हाय," ते हळूच कन्नडात म्हणाले. जमादारांना तेवढं पुरलं, उघड्या काठाकडं त्यांनी बघितलंही नाही. जाळी आहे म्हणजे माणूस घसरून पडू शकत नाही. मग ओलांडूनच गेला असणार. शिवलिंगप्पानं माझे दोन्ही हात धरले. रडत होता, खोटं रडत नव्हता. "मास्तर, खरं सांगितलाव तर चौघंबी जाताव. अनुदान जातंय, वर केस हुतीय. आन् पयलं नाव तुमचं यील." शेवटचं वाक्य त्यानं माझी काळजी म्हणून म्हटलं होतं. माझ्या कानात तेवढंच राहिलं.

पंचनामा कन्नडात लिहिला. वहिनी बाजारात कन्नड फाडफाड बोलते, पण वाचता तिला मराठीच येतं, तेही अक्षर अक्षर लावून. जमादार म्हणाले, वाचून दाखवा बाईंना. कागदावर लिहिलं होतं, 'मयत हा शेततळ्याची तारेची जाळी आपणहून ओलांडून पाण्यात गेला.' मी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "पाय घसरून पाण्यात पडले." वहिनीनं सही केली.

हंगाम कुणासाठी थांबत नाही. त्या साली तुरीची रास आमच्याकडं कधी नव्हे एवढी मोठी झाली. चौघांचं अनुदान आलं. पुढच्या साली जाळी अण्णाच्या तळ्याला परत आली आणि सिमेंटमध्ये बसली. अण्णाचा मुलगा महादेव नोकरीवरनं रजा काढून यायचा आणि बापाचं नाव निघालं की खाली बघायचा. पंचनाम्यावर बायकोचीच सही, म्हणून जाळीची गोष्ट ठाऊक असूनही लोक भलतंच धरून चालले. हॉटेलात मी शिरलो की बोलणं थांबायचं. महादेवाला करजगीची मुलगी बघायला गेलो तर तिच्या वडलांनी मला बाजूला घेतलं. "काका, इचारू नये, पर इचारतो. घरात काय भांडण व्हतं का? त्येनी कामून गेले आसं?" मी म्हणालो, "पाय घसरला हो." त्यांनी मान हलवली, लोकांचं ऐकून आलेला माणूस हलवतो तशी. लग्न झालं, त्यांचा मोठेपणा. सून कन्नड शाळेत शिकलेली, कागदपत्राला हुशार.

ह्या साली तळ्याचं प्लास्टिक फाटलं. दुरुस्तीला सरकारी मदत मिळते म्हणून सुनेनं पेटीतले जुने कागद काढले. काल सकाळी वहिनी माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. हातात तो कागद.

"भावजी, ह्येच्यात काय लिवलंय त्ये तुमाला ठाव व्हतं?"

मी कागद घ्यायला हात पुढं केला, तिनं तो मागं घेतला.

"ठाव व्हतं का न्हाई?"

"व्हय."

"म्या माझ्या हातानं काट्या रचले त्या दिशी. जाळी न्हवती हे मला सांगाय नको. पर माझी सही घेतलाव ह्येच्यावर. म्हंजे मीच लिवून दिले, माझा मालक जीव द्याय गेला म्हणून!" तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "इतकी वर्सं बाया माझ्याकडं कशा बघायल्यात, हळदीकुंकवाच्या गप्पा मी गेले की कामून बंद व्हायल्यात, त्ये आज कळलं. समद्यांला वाटायलंय, म्या घरात छळले त्येन्ला."

"वहिनी, तेवा चौघांचं..."

"चौघांचं ऱ्हाऊ द्या. येळवशीच्या आदी खरं काय त्ये लिवून द्या. कन्नडात लिवा. म्या सुनंकडनं वाचून घेते."

शेवटचं वाक्य बोलून ती गेली. बायको चहा घेऊन बाहेर आली तोवर उंबऱ्यात कुणी नव्हतं.

संध्याकाळी शिवलिंगप्पा आला. त्याला कुठून कळलं कुणास ठाऊक. ओट्यावर बसला, पाणी प्याला, अण्णाच्या आठवणी काढल्या. उठताना म्हणाला, "मास्तर, माझा पोरगा आता पंचायतीला उभा ऱ्हायलाय. जुनं कशाला उकरायलाव?" आज सकाळी त्याच्या घरावरून गेलो तर त्यानं तोंड फिरवलं. तळेवाल्यांपैकी उरलेल्या दोघांचे फोन दुपारपर्यंत येऊन गेले. एकानं विनवलं, दुसऱ्यानं दम दिला. साहेब आता मोठ्या जागेवर आहेत म्हणे. माझी पेन्शन कुणाच्या सहीनं थांबू शकते, हेही त्यानं सांगून टाकलं.

भीती वाटतेय. नाही कशाला म्हणू? बायको म्हणते, आधी मराठीत लिहून काढा, मन मोकळं होईल. काढलं. आता कन्नडातला कागद पुढ्यात आहे आणि त्याचा मजकूर मी ठरवलाय. 'सदर दिवशी शेततळ्याला जाळी नव्हती. ती मी, मयताचा धाकटा भाऊ, फोटोसाठी काढून नेली होती. धरायचा सोलही मीच सोडून कोपीत ठेवला होता. माझा भाऊ पिकावर अंबील शिंपडत असताना मी उपटलेल्या अँगलच्या खड्ड्यात त्याचा पाय गेला. त्याच्या टाचेचा ठसा मी पुसला. आधीच्या कागदावरची सही मी त्याच्या बायकोकडून खोटं वाचून घेतली.'

खाली माझ्या एकट्याची सही.